ह्यांचं इंग्रजी

३ मार्च, मंगळवार

केक आणला आणि तोंडघशी पडले.

सकाळपासून ह्यांचं एकच चाललं होतं — "पीस ऑफ केक! पीस ऑफ केक!" केक हा शब्द मला कळतो, एवढी काही अडाणी नाही मी. म्हटलं, झटका आल्यापासून पहिल्यांदाच माणसाने तोंडाने काही मागितलंय, पथ्य गेलं खड्ड्यात. बेकरीतून तुकडा आणला. चमचा पुढे केला तर तोंड फिरवलं. पुन्हा केला तर डाव्या हाताने बशीच उडवली. भिंतीवर क्रीम! आणि वर चालूच — पीस ऑफ केक.

भिंत पुसता पुसता रडू आलं. मग गोळ्या आणायला खाली गेले तेव्हा औषधवाल्याला सांगितलं. तो ह्यांचाच विद्यार्थी. आता डोक्यावर एक केस नाही, पण अजून 'सर' म्हणताना स्टुलावरून उठतो. ऐकून त्याला हसूच आवरेना. "काकू, पीस ऑफ केक म्हणजे अगदी सोपं काम! डाव्या हातचा मळ! केकचा काही संबंध नाही त्यात."

डाव्या हातचा मळ. ह्यांना आता डावा हातच तेवढा उरलाय.

जिना चढताना आठवलं — सकाळी ते सुरू झालं तेव्हा हे त्याच हाताने शर्टाची गुंडी लावत होते. लागत नव्हती. मग सोपं कसं? की चेष्टा करत होते? स्वतःची?

छे. मीच काहीबाही जोडत बसते.

६ मार्च, शुक्रवार

बोलबाई येऊन गेली. बोलणं शिकवायला येते ती मुलगी — स्पीच थेरपिस्ट म्हणायचं असतं, पण माझ्या मनात ती बोलबाईच.

जानेवारीत उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. पाय थोडा परत आलाय, काठी टेकत खोलीतल्या खोलीत फिरतात. भाषा नाही आली. मराठीतला एक शब्द फुटत नाही. भूक नाही, पाणी नाही, नको नाही, हो नाही. उरलं काय, तर हे इंग्रजी वाक्प्रचार! जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. रोज फळ्याच्या कोपऱ्यात एक वाक्प्रचार, खाली अर्थ, आणि सगळ्या वर्गाने घसा ताणून म्हणायचा. पूर येऊन घर धुऊन जावं आणि कोपऱ्यातली एक फळी तेवढी कोरडी राहावी, तसं झालंय.

मी बोलबाईला विचारलं, ह्यांना काही सांगायचं असेल का त्यातून? ती समजूत घालत म्हणाली, "काकू, रोज घोकलेलं असतं ना, ते मेंदूत वेगळ्या जागी राहतं. आपोआप बाहेर पडतं. त्याचा अर्थ लावत बसू नका, तुम्हालाच त्रास होईल. उचकी लागते ना माणसाला, तसं समजा."

उचकी!

ती गेल्यावर ह्यांच्याकडे बघितलं. खिडकीतून समोरच्या गच्चीकडे बघत होते. चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नाही.

११ मार्च, बुधवार

आज हिय्या करून बोलबाईला विचारलंच — ह्यांना कळतंय ना सगळं? ती म्हणाली, "खरं सांगू? छातीठोकपणे नाही सांगता येत."



१५ मार्च, रविवार

उचकी तर उचकी. मी अर्थ विचारणार.

पण औषधवाल्यापर्यंत पोचवायचं म्हणजे दिव्य. कागदावर लिहावं तर मला स्पेलिंग येत नाही, म्हणून तोंडाने घोकत जिना उतरते. मध्येच कुणी "काय म्हणतायत सर?" विचारलं की पुसलं सगळं! आज "कॉल इट अ डे" घेऊन निघाले आणि दुकानात पोचेपर्यंत त्याचं "कोल्ड इडली"सारखं काहीतरी झालं होतं. औषधवाला डोकं खाजवायला लागला. रांगेतला एक खोकणारा माणूसही विचारात पडला. शेवटी त्या खोकणाऱ्यालाच उलगडलं. हातातलं खोकल्याचं औषध बाजूला ठेवून ओरडला, "कॉल इट अ डे! म्हणजे आजचं काम पुरे, आता थांबू या!"

माझ्या अंगावर काटा आला. कारण हे कधी म्हणाले? बोलबाई चित्रांचे तेच तेच पत्ते पुढे धरत होती — चावी, चप्पल, छत्री — तासभर! तेव्हा.

तिला फोन करून सांगितलं. म्हणाली, "काकू, योगायोग असू शकतो."

असू शकतो. पण मला वेड लागलंय. सगळं ताडून बघते. "वन्स इन अ ब्लू मून" — क्वचित कधीतरी. लेकीचा फोन आल्यावर म्हणाले! हे बरोबर बसलं. "रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज" — धो धो पाऊस. बाहेर लख्ख ऊन होतं. हे नाही बसलं. मग आठवलं, मी बाथरूमचा नळ उघडा टाकून आले होते. बसलं की ओढूनताणून बसवलं?

आपल्याकडे तरी काय वेगळं. पोटात कावळे ओरडतात म्हटलं तर परका माणूस पक्ष्यांच्या डॉक्टरला बोलावील.

शिवणाचं काम तुंबलंय. समोरच्या वहिनींचे पडदे, कुणाच्या पँटी आखूड करायच्या, दोन चेनी बसवायच्या. मशीनवर बसले की ह्यांच्या खोलीकडे कान. टाका वाकडा जातो. उसवते.

१९ मार्च, गुरुवार

लेकीचा फोन. "आई, आवाज किती बसलाय तुझा! तू स्वतःकडे बघ जरा." म्हटलं, दिवसभर ह्यांच्याशी मोठ्याने बोलते ना, बहिरे असल्यासारखी, म्हणून. मग तिने विषय काढला. तिच्या शहराजवळ एक संस्था आहे. अशाच माणसांसाठी. नर्स, डॉक्टर, व्यायाम, सगळं जागेवर. "तू एकटी किती दिवस रेटणार? बाबांना कळत असतं तर गोष्ट वेगळी."

कळत असतं तर.

मी म्हटलं, बघू. हे शेजारच्याच खुर्चीत होते. फोन ठेवला तर माझ्याकडे टक लावून बघत होते. मला नजर वर करवेना.

आज एक जुनी गोष्ट डोक्यात घोळतेय. लग्नानंतर हेडमास्तरांकडे पहिल्यांदा जेवायला गेलो होतो. हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, "प्लीज हेल्प युअरसेल्फ." मला 'हेल्प' तेवढं कळलं. उठले, तडक स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासायला घेतली! सगळे हसले. ह्यांनी तो किस्सा पुढे वर्षानुवर्षं सांगितला. पाहुणे बदलायचे, किस्सा तोच. मीही हसायचे. पण मनात कुठेतरी कायमचं बसलं की हे मला बिनडोक समजतात.

आणि आता मी ह्यांच्या डोक्यात काही आहे का ते शोधत फिरतेय.

२४ मार्च, मंगळवार

आज काय झालं ते नीट लिहायलाच हवं.

सकाळी शर्ट घालत होते ह्यांना. हे खुर्चीत, मी समोर उभी, वरची गुंडी लावत. अचानक ह्यांनी डावा हात उचलला आणि माझ्या गळ्यावर ठेवला. सरळ गळ्यावर!  पण हात हलका होता.  म्हणाले, "लम्प इन द थ्रोट."

हे आधी कधी म्हटलं नव्हतं. नवीन.

तशीच खाली धावले. दुकानात गर्दी होती, तरी पुढे घुसून म्हटलं. औषधवाल्याचा हात थबकला. "गळा दाटून येणं, काकू. मन भरून येतं ना, तोंडातून शब्द फुटत नाही, तेव्हा म्हणतात तसं." त्याचे स्वतःचेच डोळे भरले. गिऱ्हाईकाला उरलेले पैसे दोनदा दिले.

जिन्यात बसून रडले. खरंच सांगते, आनंदाने. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाने असं कधी काही बोलून दाखवलं नव्हतं. आजारपण आलं, बाळंतपण झालं, माझी आई गेली, ह्यांचं आपलं "हं, होईल सगळं ठीक." आणि आज हे.

वर आले. ह्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, "कळलं हो मला. माझाही गळा दाटून येतो."

हात झटकला. का?

२६ मार्च, गुरुवार

पुन्हा तेच. लम्प इन द थ्रोट. मी "हो हो" म्हटलं तर चिडले. डोळे लाल. ही माया नव्हे.

२८ मार्च, शनिवार

बोलबाईला वाटतं ह्यांना गिळायला त्रास होत असेल, म्हणून गळ्याचं बोलतायत. चमच्याने पाणी पाजून बघितलं. ठसका नाही. घरी येणाऱ्या डॉक्टरांनीही टॉर्च मारून ह्यांचा घसा तपासला. स्वच्छ. तोंड उघडं असतानासुद्धा ह्यांचा डावा हात माझ्या दिशेने धडपडत होता. डॉक्टरांनी तो धरून मांडीवर ठेवला — "आजोबा, शांत बसा."

मग हे शांत बसले. पण कसे? वर्गात गोंधळ झाला की एक शब्द न बोलता पोरांकडे बघत राहायचे, तसे.

२९ मार्च, रविवार

गळा दुखतोय.

दुपारी जेवण भरवताना ह्यांनी मला धरलं. मी भांडं ठेवायला वाकले आणि हात गळ्यावर. ह्या वेळी दाबला. दोन बोटं रुतवली एका जागी. "लम्प इन द थ्रोट! लम्प इन द थ्रोट!" मी हात सोडवायला गेले तर आणखी जोर. एका हातात एवढी ताकद! ओरडले. तेव्हा सोडलं.

स्वयंपाकघरात जाऊन दाराला कडी घातली. माझ्याच घरात, माझ्याच नवऱ्याला भिऊन! थोड्या वेळाने लाज वाटली, काढली.

संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल. ओढणी घ्यायची विसरले. तिला लाल वळ दिसला. "आई, हे काय आहे? गळ्याला काय झालंय?" मी म्हटलं, काही नाही, चेन घासली. "तू चेन घालत नाहीस. बाबांनी केलं?"

खोटं बोलता येत नाही मला. कधीच नाही आलं.

३१ मार्च, मंगळवार

लेक आली. रजा टाकून, गाडी हाकत एकटी आली.

आल्या आल्या ह्यांच्यासमोर बसली. "बाबा, आईला का त्रास देता?" ह्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बोट केलं आणि तेच — लम्प इन द थ्रोट. ती म्हणाली, "हो बाबा, तुम्हाला वाईट वाटतंय. कळतंय. पण म्हणून असं करायचं?" ह्यांनी टेबलावर मूठ आपटली. पेला पडला. पुन्हा आपटली.

लेक उठून उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

स्वयंपाकघरात मला म्हणाली, "मी डॉक्टरांशी बोलले. अशा आजारात स्वभाव बदलतो म्हणाले. माणूस आक्रमक होऊ शकतो. आई, उद्या रागाच्या भरात आणखी काही झालं तर? मी तिकडे, तू इथे. मला झोप नाही लागणार."

"ते तसे नाहीत गं."

"ते *ते*च राहिले नाहीत, आई!"

मग तीच रडायला लागली. बाबांची लाडकी. इंग्रजीत पहिली यायची.

२ एप्रिल, गुरुवार

मी हो म्हटलं.

काय करू? हल्ली हातपाय गळून जातात. मशीनचं पायडल मारवत नाही. आणि भीती वाटते. ते हात उचलतात तेव्हा मी मागे सरकते, आणि मी मागे सरकले हे त्यांना दिसतं.

तीन महिने बघू, नाही जमलं तर परत आणू, असं लेक म्हणते. ह्यांच्या बॅगेत शर्ट भरले. सगळ्या गुंड्या काढून चिकटपट्ट्या शिवल्या, डाव्या हाताने लावता याव्यात म्हणून. हे आधीच सुचायला हवं होतं.

४ एप्रिल, शनिवार

आजचं आजच लिहिणार.

सकाळी निघालो. लेक चालवत होती, मी मागे ह्यांच्याशेजारी.  गाव मागे पडलं तेव्हा हे म्हणाले, "कोल्ड फीट." मी पटकन वाकून पाय चाचपले. मोजे होते, पाय गरम. म्हटलं, "नाहीत हो गार."  बऱ्याच वेळाने लेक आरशातून बघत म्हणाली, "आई, त्याचा अर्थ तो नाही. म्हणजे... ऐनवेळी कच खाणं."

हे स्वतःबद्दल म्हणाले की माझ्याबद्दल? विचारायची छाती झाली नाही.

जागा वाईट नाही. हे लिहायलाच हवं. लांबलचक व्हरांडा, फिनेलचा वास, प्रत्येक दाराशी एक खुर्ची. ह्यांची खोली कोपऱ्यातली, खिडकीतून झाडं दिसतात. तिथल्या मोठ्या सिस्टर — पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात — स्वतः भेटायला आल्या. ह्यांना 'सर' म्हणाल्या. लेकीने आधीच सगळं कानावर घातलं होतं, म्हणून दोन मदतनीस दाराशी उभे.

मी ह्यांना खुर्चीत बसवलं. शर्टाची पट्टी नीट केली. म्हटलं, "येते मी. दर आठवड्याला येईन."

ह्यांनी हात उचलला. गळ्यावर. "लम्प इन द थ्रोट."

दोघे मदतनीस धावले. लेक ओरडली, "बघा! हेच!" पण मोठ्या सिस्टरनी हात आडवा केला. "थांबा जरा. दाबू दे त्यांना. बघू तरी कुठे दाबतायत."

सगळे थांबले. मीही थांबले, मागे सरकले नाही. ह्यांची दोन बोटं पुन्हा त्याच जागी आली. ह्या वेळी अलगद.

सिस्टर चष्मा चढवून माझ्यासमोर आल्या. मग काय केलं, तर चक्क ह्यांच्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसल्या आणि खालून माझ्याकडे बघायला लागल्या. म्हणाल्या, "काकूंना पाणी द्या एक पेला. काकू, मान जरा वर करा. हं, आता घोट घ्या. गिळा. आणखी एक."

मी गिळलं. त्यांचा चेहरा बदलला.

"ही गाठ कधीपासून आहे?"

"कसली गाठ?"

त्यांनी माझं बोट धरून ह्यांच्या बोटांखाली नेलं. होती. कापडाच्या घडीत राहून गेलेल्या बटणासारखी. घट्ट, गोल. गिळलं की वर सरकायची, पुन्हा खाली यायची.

"उभ्या माणसाला सहज नाही दिसत," सिस्टर म्हणाल्या. "खुर्चीत बसलेल्याला समोरच्याचा गळाच आधी दिसतो. आवाज बसलाय तुमचा? थकवा येतो?"

लेक भिंतीला टेकली. "लम्प," ती म्हणाली. "लम्प म्हणजे गाठ. आई, गाठ! इन द थ्रोट — गळ्यात. ते नुसतं... ते शब्दशः म्हणत होते."

बस, एवढंच होतं. औषधवाल्याने सांगितलेला अर्थ चुकीचा नव्हता. पण ह्यांना तो म्हणायचाच नव्हता. वर्गाला जन्मभर बजावलं, वाक्प्रचार शब्दशः घ्यायचा नाही. आणि एकदाच शब्दशः घ्यायचा होता तर आम्ही सगळे शहाणे ह्यांच्या घशात टॉर्च मारत बसलो.

ह्यांनी हात खाली घेतला. खुर्चीला मान टेकून डोळे मिटले, दिवसभर ओझं वाहिलेल्या माणसासारखे. लेक त्यांच्या पायाशी बसली, मोजे घातलेले पाय धरून. "बाबा... बाबा..." 

बॅग उघडलीच नाही. तिघेही घरी आलो.

६ एप्रिल, सोमवार

बोलबाईला सगळं सांगितलं.  मग चित्रांचे पत्ते पिशवीत टाकले आणि ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून म्हणाली, "सर, मला तुमचे वाक्प्रचार येत नाहीत. तुम्ही शिकवा, मी म्हणते."

मी मशीनवर होते. आतून दोघांचे आवाज येत होते. आधी हे, मग ती. मध्येच तिने उच्चार चुकवला असावा. ह्यांनी टेबलावर टिचकी मारून पुन्हा म्हणायला लावलं!

हसू आलं. मग हात गळ्याकडे गेला आणि हसू गेलं.

९ एप्रिल, गुरुवार

सुई घालून गाठीतलं थोडं तपासणीला घेतलं. अहवाल सोमवारी. जीव टांगणीला.

रात्रंदिवस बोट तिथेच जातं. हे दिसलं की माझा हात धरून खाली घेतात.

१३ एप्रिल, सोमवार

वाईट आहे. कॅन्सर. लिहून टाकलं. लिहिला की शब्द लहान दिसतो.

सर्जन भला माणूस आहे. म्हणाला, थायरॉइडच्या कॅन्सरमधला हा सगळ्यात सौम्य प्रकार, बाहेर पसरलेला दिसत नाही, गाठ काढली की बहुतेक जण खडखडीत बरे होतात. वर्षभर तसंच राहिलं असतं तर सांगता आलं नसतं. "कुणाच्या लक्षात आलं?" त्याने विचारलं. लेकीने ह्यांच्याकडे बघितलं. सर्जन उठून ह्यांच्याशी हात मिळवायला आला. उजवा हात पुढे केला, मग चूक कळली, डावा केला.

पण एक भानगड आहे. आवाजाची नस गाठीला लागूनच जाते. ऑपरेशननंतर आवाज जाऊ शकतो. बहुतेक वेळा थोड्या दिवसांपुरता. बहुतेक वेळा!

घरी येऊन एकच विचार. ह्या घरात बोलणारी मी एकटी. दूधवाल्याशी, डॉक्टरांशी, फोनवर, ह्यांच्या वतीने, माझ्या वतीने. माझा आवाज गेला तर दोन मुकी माणसं एकमेकांसमोर बसणार. काय होईल आमचं?

कॅन्सरची तेवढी भीती वाटली नाही, जेवढी ह्याची वाटतेय. वेडीच आहे मी.

१७ एप्रिल, शुक्रवार

उद्या दाखल व्हायचं. लेक महिनाभर राहणार आहे, ऑफिसचं काम इथूनच. समोरच्या वहिनी म्हणाल्या, पडद्यांची घाई नाही. औषधवाला वर आला, ह्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला, "सर, मी अर्थ पाठ केला, पण प्रश्न नीट वाचला नाही." ह्यांनी त्याच्या पाठीवर डाव्या हाताने थाप मारली.

संध्याकाळी बॅग भरत होते. टॉवेल, कंगवा, ही वही. हे दारात काठीला टेकून उभे. म्हणाले, "बाइट द बुलेट."

हा मला आता माहीत आहे. दात आवळून सोसायचं.

"तुम्हाला काय जातंय सांगायला!" मी म्हटलं. "गळा माझा कापणार आहेत!"

आणि हे हसले. मोठ्याने. जानेवारीपासून पहिल्यांदा. चेहऱ्याची एकच बाजू हसते आता, पण ती पुरेशी होती. मीही हसले. मग दोघांनाही हसू आवरेना, आणि नेमकं कशाला हसतोय तेही कळेना. लेक धावत आली, काय झालं म्हणून.

झोप येणार नाही. तरी पडते.

२१ एप्रिल, मंगळवार

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली म्हणाले. आवाज नाही. हवा तेवढी निघते तोंडातून.

सकाळी नवी नर्स आली. काही विचारत होती, मी नुसती ओठ हलवत होते. ती माझ्या डोक्यावरून लेकीला म्हणाली, "ह्यांना कळतंय ना मी काय बोलतेय ते?"

लेक तोंड उघडणार, तेवढ्यात खुर्चीतून हे बोलले. अडखळत, एकेक शब्द ओढून काढत, पण मराठीत.

"तिला. सगळं. कळतं."